डिलनची दोन पुनरागमनं: ‘टाइम आउट ऑफ माइंड’ आधी घ्यावा की ‘रफ अँड राउडी वेज’?

मित्राच्या मुलीने पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून टर्नटेबल घेतला. आजोबांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या घरात होत्याच. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन, म्हणजे साठच्या दशकातला, तिचा फोनवर ऐकून झाला आहे. आता तिला उतारवयातला डिलन हवा आहे. परवा तिने विचारलं, ‘काका, दोन्ही डबल एलपी आहेत आणि दोन्ही एकदम परवडायच्या नाहीत. आधी कुठली घेऊ?’

हाच प्रश्न २०२० च्या दिवाळीच्या सुमारास माझ्यापुढे होता. माझ्याकडची ‘टाइम आउट ऑफ माइंड’ची कॅसेट वाजवण्याजोगी उरली नव्हती. ती जागा त्याच अल्बमच्या एलपीने भरायची, की त्या वर्षी आलेला नवा घ्यायचा, यात माझे पंधराएक दिवस गेले. शेवटी एक घेतला. आजही तोच निर्णय घेईन असं वाटतं, पण दुसरा अल्बम कमअस्सल आहे म्हणून नव्हे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हे दोनच अल्बम शेजारी ठेवायचं कारण असं, की दोन्ही परतीचे आहेत. १९९० नंतर सात वर्षं डिलनचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम नव्हता. मधल्या काळात, १९९२ आणि १९९३ मध्ये, त्याने एकट्याने गिटार घेऊन जुनी लोकगीतं आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची पारंपरिक गाणी, गाऊन दोन अल्बम केले. मग १९९७ च्या सप्टेंबरात ‘टाइम आउट ऑफ माइंड’ आला. दुसरी खेपही तशीच. २०१२ च्या ‘टेम्पेस्ट’नंतर आठ वर्षं स्वतःचं नवं गाणं नाही. २०१५ ते २०१७ या काळात त्याने तीन अल्बम काढले, त्यांत मिळून बावन्न गाणी, सगळी दुसऱ्यांची, बहुतेक फ्रँक सिनात्राने गाऊन ठेवलेली. याच दरम्यान २०१६ चं साहित्याचं नोबेल मिळालं. आणि जून २०२० मध्ये, एकोणऐंशी वर्षांच्या डिलनचा ‘रफ अँड राउडी वेज’ आला.

म्हणजे दोन्ही वेळा हा माणूस आधी दुसऱ्यांच्या गाण्यांपाशी जाऊन बसला आणि मग स्वतःची घेऊन परतला. दोन्ही अल्बम सत्तर मिनिटांच्या वर आहेत. दोन्हींचं शेवटचं गाणं सोळा मिनिटांपेक्षा लांब आहे.

आधी १९९७ चा. हा अल्बम एकाच मनःस्थितीचा आहे, आणि तीच त्याची ताकद. प्रेम संपलंय, माणूस रात्रीचा चालतोय, वय अंगावर येतंय. ‘नॉट डार्क येट’ हे गाणं मी एकट्याने प्रवासात, रात्रीच्या एसटीत, घरात कुणी आजारी असताना, असं कितीदा ऐकलं असेल त्याचा हिशेब नाही. या दोन्ही अल्बमांतलं एकच गाणं जवळ ठेवा असं कुणी सांगितलं, तर बहुधा मी तेच ठेवीन. ‘मेक यू फील माय लव्ह’ बहुतेकांना अडेलच्या आवाजात माहीत असतं. तिने ते २००८ मध्ये गायलं, त्याचं मूळ इथे आहे. १९९८ च्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून याचीच निवड झाली, आणि ते योग्यच होतं.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. डिलन हृदयाच्या आवरणाला सूज येऊन इस्पितळात दाखल झाला तो १९९७ च्या मे महिन्यात. या गाण्यांचं ध्वनिमुद्रण मायामीत जानेवारीतच झालं होतं. त्यामुळे ही मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाची गाणी आहेत, हे खरं नाही. त्या आजारपणाच्या चष्म्यातून ऐकलं की गाण्यांवर अन्याय होतो. त्यांतलं दुःख आधीचं आहे आणि आजाराशिवायच पुरेसं खोल आहे.

आता मला जे खटकतं ते.

हा अल्बम डॅनियल लॅनवाने निर्मित केला. त्याने १९८९ मध्येही डिलनबरोबर काम केलं होतं. लॅनवाला गाण्याभोवतीची हवा पकडायची असते. मायामीच्या त्या स्टुडिओत एका वेळी कितीतरी वादक होते. ड्रमवर जिम केल्टनर आणि ब्रायन ब्लेड असे दोन कसलेले वादक, शिवाय गिटारी, ऑर्गन, पियानो. सगळं एकमेकांत मिसळून पाणथळ जागेवर धुकं उतरावं तसा नाद तयार होतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या धुक्यात डिलनचा आवाजही बुडतो. काही गाण्यांत त्याच्यावर अशी प्रक्रिया केली आहे, की तो जुन्या टेलिफोनमधून किंवा शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटतं.

१९९८ मध्ये मी ‘कोल्ड आयर्न्स बाउंड’चे शब्द उतरवून घ्यायला बसलो होतो. आमच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. पाठकोरा कागद, पेन्सिल आणि कॅसेट मागे-पुढे करणं, एवढंच साधन. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर एकाच ओळीच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह. रिवाइंड करून करून त्या जागी फीत ताणली गेली आणि पुढे तिथला सूरच खाली येऊ लागला. इंग्रजी आपली मातृभाषा नाही हे धरूनही मला वाटतं, की दोष सगळा माझ्या कानांचा नव्हता.

एलपी घ्यायची वेळ आली तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या रूपात पुढे आली. माझं ऐकणं रात्री अकरानंतरचं, घर झोपल्यावर. मित्राकडून उसनी आणलेली ‘टाइम आउट ऑफ माइंड’ची तबकडी आठवडाभर रोज लावली. शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवायचा, की त्याबरोबर ढोल आणि बेस वर यायचे आणि आतून कुणीतरी ‘अरे, किती वाजले’ म्हणायचं. कमी केला की आवाजाचं नुसतं सावट उरायचं. रोज उठून नॉबशी झटापट. ‘हायलँड्स’ला तेवढी सुटका व्हायची, कारण तिथे वाद्यं मागे सरतात आणि बॉस्टनच्या एका उपाहारगृहातल्या वेट्रेसशी त्याचं चाललेलं बोलणं आपल्या टेबलावर बसून ऐकल्यासारखं स्पष्ट येतं. पण त्या गाण्यापर्यंत पोचायला तासभर लागतो.

‘रफ अँड राउडी वेज’ लावला की नॉब त्याहून बराच मागे असला तरी चालतं. कुठल्या यंत्राने मी हे मोजलेलं नाही, पण माझ्या खोलीत गेली काही वर्षं असंच घडतंय. आवाज पुढे आहे, कोरडा आहे, ओळीच्या शेवटचं व्यंजनसुद्धा ऐकू येतं. वाद्यवृंद मागे पावलं न वाजवता चालतो. ‘मदर ऑफ म्यूझेस’ आणि ‘ब्लॅक रायडर’मध्ये तर आपण गायकापासून हातभर अंतरावर बसलो आहोत असं वाटतं.

माझ्या समजुतीप्रमाणे हे त्या बावन्न गाण्यांचं देणं आहे. सिनात्राची गाणी ओरडून गाता येत नाहीत. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, सूर न दाबता ओळ कशी पोचवायची, याचा तीन वर्षं घोटून रियाज झाल्यासारखा तो गळा नव्या गाण्यांत उतरला आहे. सत्तरी ओलांडल्यावर माणूस उच्चार शिकायला बसतो, याचं मला फार कौतुक वाटतं. यशवंत देव ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणत, तिच्यावर वाढलेल्या आपल्या कानांना ही जागा लगेच ओळखू येते.

ती माझ्या आधी आमच्या नानांनी ओळखली. नाना इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, तेव्हा ब्याऐंशीचे, उजव्या कानाने कमी ऐकू येणारे. जून २०२०, बाहेर जायची सोय नाही. मी ओट्यावर छोटा स्पीकर ठेवून या नव्या अल्बममधलं ‘की वेस्ट’ लावलं होतं आणि ते टेबलाशी गवार निवडत होते. अ‍ॅकॉर्डियन सुरू झाला तसं त्यांनी विचारलं, ‘पेटी आहे का रे ही?’ मग काही वेळ निवडणं चालू राहिलं. हळूहळू हात थांबला. गाणं साडेनऊ मिनिटांचं आहे, ते पुरं होईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘याचे शब्द कळतात. पुन्हा लाव.’ दुसऱ्यांदा ऐकताना सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, ‘मॅकिन्ली म्हणजे तोच ना, गोळ्या घातलेला अध्यक्ष?’ तोच. १९०१ मध्ये बफेलो शहरात. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की हे गाणं एका अमेरिकन अध्यक्षाच्या हत्येपासून सुरू होतं आणि लगेच पुढचं, शेवटचं गाणं ‘मर्डर मोस्ट फाउल’ दुसऱ्याच्या, १९६३ मधल्या केनेडींच्या हत्येवर आहे. इतक्या वेळा ऐकूनही हा सांधा मला दिसला नव्हता.

‘मर्डर मोस्ट फाउल’ २७ मार्च २०२० ला, काही पूर्वसूचना न देता आलं. आपल्याकडे टाळेबंदीचा तो तिसरा दिवस. रस्ते सुनसान, आणि कानात सतरा मिनिटं एक म्हातारा माणूस जवळजवळ कुजबुजत एका देशाचं जुनं सुतक सांगतोय. त्या दिवसाची आठवण माझ्या मतात मिसळली आहे हे मी नाकारत नाही. तुमच्याकडे ती आठवण नसेल तर गाण्याचा उत्तरार्ध, ज्यात तो एकामागून एक जुन्या गाण्यांची आणि कलाकारांची नावं घेत जातो, लांबलेला वाटू शकेल. सीडीच्या संचात तर या एका गाण्याला स्वतंत्र तबकडी दिली आहे.

या अल्बमची खोट नेमकी इथेच आहे. नावं फार. शीर्षकापासूनच सुरुवात होते; ते जुन्या अमेरिकन कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या गाण्यावरून घेतलं आहे. पहिल्या गाण्याचं शीर्षक वॉल्ट व्हिटमनच्या कवितेतून आलंय. अमेरिकेचा इतिहास, ब्लूज, सिनेमा यांची थोडी ओळख नसेल तर पहिल्या दोन-तीन ऐकण्यांत बरंच हातातून निसटतं. शिवाय ‘फॉल्स प्रॉफेट’ आणि ‘क्रॉसिंग द रूबिकॉन’ ही दोन्ही ब्लूजच्या ठरलेल्या चाकोरीतून जातात; शब्द सोडले तर चालीत नवं काही शोधायला जाऊ नये. १९९७ च्या अल्बममध्ये एखादी ओळ नाही कळली तरी मन कळतं. इथे ओळ कळली नाही तर बरंच काही राहून जातं. पण ओळ ऐकू येते, म्हणून ती कळून घेण्याची वाट उघडी राहते, आणि मला तेच महत्त्वाचं वाटलं.

कुणी म्हणेल, धुक्याची तक्रार आता जुनी झाली. ते बरोबर आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘फ्रॅगमेंट्स’ नावाचा संच निघाला, त्यात ध्वनितंत्रज्ञ मायकेल ब्राउअरने ‘टाइम आउट ऑफ माइंड’ पूर्ण नव्याने मिक्स केला आहे. आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की ढोलताशे आठवतात. इथे अर्थ एवढाच, की मूळ ध्वनिमुद्रणातले आवाज पुन्हा वेगळ्या प्रमाणात जुळवले आहेत. मी तो स्ट्रीमिंगवर ऐकला. गळा खरंच पुढे आला आहे. माझ्या त्या कागदावरच्या तीन आवृत्त्यांपैकी दुसरी बरोबर होती, हे पंचवीस वर्षांनी कळलं आणि फार आनंद झाला. मात्र तो मोठ्या संचाचा भाग आहे आणि मोठ्या संचाची किंमत मोठी असते. शिवाय धुकं ओसरल्यावर ‘लव्ह सिक’च्या सुरुवातीचा तो अनोळखी घरात शिरल्याचा भास थोडा पातळ होतो. लॅनवाचं काम निव्वळ अडथळा नव्हतं हेही त्यातून उमगतं. डिलनला मात्र तो नाद पुन्हा नको असावा, कारण २००१ पासून ‘जॅक फ्रॉस्ट’ हे टोपणनाव घेऊन तो स्वतःच निर्माता झाला.

तेव्हा, तुमचं ऐकणं दिवसाउजेडी, मोठ्या आवाजात असेल, किंवा सध्या मन एकाच जागी दुखत असेल, तर ‘टाइम आउट ऑफ माइंड’ घ्या, बिचकू नका. नवा संच परवडत असेल तर त्याहून उत्तम. पण घरात इतर माणसं झोपलेली असतील, शब्दांसाठी गाणं ऐकायची सवय असेल आणि एकच तबकडी आणायची असेल, तर मी २०२० कडे बोट दाखवीन.

मित्राच्या मुलीला मी सध्या विकत घेऊच नको म्हटलंय. माझी प्रत शनिवारी घेऊन जाते आहे. तिसरी बाजू आधी लाव, ‘की वेस्ट’ तिथे आहे, आणि आजोबांना शेजारी बसव, एवढं सांगितलंय.