इन्सॅनिटी की पी-नाइन्टी-एक्स? आपल्या खान्देशातल्या घरात कोणतं झेपतं

मामाच्या पोराचा परवा भुसावळहून फोन आला, म्हणे भो जिम सोडतोय, शिफ्ट ड्युटीत टाइम जमत नाही, घरीच काहीतरी कडक करतो, तू दोन्ही केलेत तर सांग कोणतं धरू. अर्धा तास बोललो तरी निम्मं राहूनच गेलं, म्हणून इथं सगळं लिहितो, अजून कोणाचं ठरत नसेल तर त्यालाही कामाला येईल.

दोन्ही व्यायामाचे प्रोग्राम अमेरिकेतले, व्हिडिओ लावून समोर करायचे. इन्सॅनिटी २००९ सालचा, शॉन टी शिकवतो, ६० दिवस, आठवड्याचे ६ दिवस, आणि सामान काहीच लागत नाही. यात साधारण ३ मिनिटं जीव तोडून करायचं आणि ३० सेकंद थांबायचं, म्हणजे थोडा वेळ जोर आणि जास्त वेळ आराम अशा नेहमीच्या इंटरव्हलच्या बरोबर उलटं. पी-नाइन्टी-एक्स त्याच्या आधीचा, टोनी हॉर्टनचा, ९० दिवसांचा. त्याला डंबेल्स किंवा रबराचे बँड आणि पुलअप बार लागतो, बहुतेक दिवशी तासभर जातो आणि योगाच्या दिवशी तर दीड तास.

सामान लागत नाही म्हणून सगळे पहिल्याला हात घालतात, मी पण तेच केलं. पण त्याचं खरं सामान म्हणजे तुमचे गुडघे आणि घरातली फरशी, हे कोणी सांगत नाही. सगळा खेळ उड्यांचा आहे, आणि उडी मारून खाली येताना पायावर वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. आपल्याकडे खाली टाइल्स, त्यात कूलर चालू, हवा दमट, घाम वाळत नाही आणि दहा मिनिटांत पायाखाली पाणी. मी अनवाणी केलं आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीच्या खाली जे दुखायला लागलं ते जिना उतरताना दीड महिना जाणवत होतं. बूट घालून, खाली जाड रबरी मॅट टाकून केलं असतं तर बराच फरक पडला असता. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांचाही विचार करा, पहाटे साडेपाचला त्यांच्या डोक्यावर धाडधाड बरं नाही.

आणि ऊन. मी मार्चअखेर सुरू केलं होतं, ही सगळ्यात मोठी चूक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, रात्री सुद्धा स्लॅब आग ओकत असतो, अशा खोलीत ४० मिनिटं नाडी टोकाला ठेवणं म्हणजे गंमत नाही. नवीन माणसाने एकदम जास्त केलं आणि वर उकाडा असला तर स्नायू फुटून त्याचा माल रक्तात येतो आणि किडनीवर ताण पडतो. लघवी चहासारखी काळपट झाली, अंग सुजल्यासारखं झालं तर पाणी पिऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बीपी-शुगर असेल किंवा चाळिशी उलटली असेल तर सुरू करायच्या आधीच दाखवून या.

म्हणून माझा हिशोब असा आहे की इन्सॅनिटी करायचाच असेल तर सारंगखेड्याच्या यात्रेच्या सुमारास, डिसेंबरात सुरू करा. मधला रिकव्हरीचा आठवडा धरून ९ आठवडे होतात, फेब्रुवारीच्या मध्यात मोकळे, ऊन तापायच्या आत. पी-नाइन्टी-एक्स तेव्हाच धरला तर १३ आठवडे, म्हणजे होळीच्या आसपास संपतो, शेवटचे पंधरा दिवस तापतात पण वजनाचा व्यायाम पहाटे गच्चीवर निभतो कारण दोन सेटच्या मध्ये श्वास घेता येतो.

आता फायदा कोणाचा जास्त. दम वाढवायचा असेल, पोलीस भरतीचं मैदान मारायचं असेल, तर इन्सॅनिटीने छाती खरंच मोकळी होते, दर दोन आठवड्यांच्या फिट टेस्टमध्ये आकडा वाढताना दिसतो आणि त्याचा आनंद वेगळाच. पण त्यात ओढायचा व्यायाम जवळपास नाहीच. पुशअपला शरीराचं साधारण ६४ टक्के वजन हातावर येतं, पुलअपला जवळपास पूर्ण, आणि पाठ, दंड, पकड त्यातूनच बनते. दिवसभर खुर्चीत वाकून बसणाऱ्याला तेच हवं असतं. एकही पुलअप निघत नसेल तर बँड अडकवून मदत घ्या, नाहीतर उडी मारून वर जा आणि मोजत मोजत हळू खाली या, मला पहिला नीट पुलअप निघायला पाच आठवडे लागले आणि त्या दिवशी मी घरभर सांगत फिरलो.

काही जण म्हणतील की मग आपले जोर-बैठकाच काय वाईट. अजिबात वाईट नाहीत, यात्रेतल्या दंगलीचे पैलवान त्यावरच उभे राहिलेत, खांदे आणि मांड्या मस्त होतात. पण ओढणं त्यातही नाही, एक बार जोडला की झालं.

खाण्याचं एवढंच, की रोज उड्या मारून रात्री तेलाच्या तर्रीची शेवभाजी चापली तर वजन हलत नाही. कळण्याची भाकरी, उडदाचं वरण, दही, अंडी, आणि व्यायामाआधी एक केळं, ते तर आपल्या घरचंच.

तर भाऊ, तुझं वजन ९०च्या वर आहे, शिफ्ट आहे, तू पी-नाइन्टी-एक्स धर, त्यातल्या उड्यांच्या दिवशी पहिला महिना नुसतं भरभर चाल. दाराच्या चौकटीत पिळून बसवायचा बार घेऊ नको, माझा सटकला होता. फॅब्रिकेशनवाल्याकडून सव्वा इंची जीआय पाइप जिन्याच्या खोलीत दोन्ही भिंतींत पक्का बसवून घे, आणि लटकायच्या आधी आठवडाभर पाणी मारून सिमेंट पक्कं होऊ दे.