वॉटरलेस कूलंटच्या कॅनमध्ये सत्तर टक्के पाणी!

रिमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलेल्या) गाड्या पळवणाऱ्या कोल्हापुरातल्या पोरांत सध्या वॉटरलेस कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या बिनपाण्याच्या द्रवाचं, खूळ आहे. उद्यमनगरच्या बाजूला एका गॅरेजमध्ये मी ते माझ्या पोलो जीटी टीएसआयमध्ये भरून घेतलं. मजुरीसकट साडेअठरा हजार, वर टॉप-अपसाठी एक सीलबंद कॅन. तक्रार चालू आहे, म्हणून गॅरेजचं नाव इथं टाकत नाही. पण तोच माल अजून विकला जातोय, म्हणून हे लिहितोय.

मालकाचं बोलणं एकदम मधाळ. "दादा, आत पाणीच नाही म्हटल्यावर उकळायचा विषयच संपला. टेम्परेचर पंधरा डिग्री खाली येतंय बघा." अस्सल मालाबाबत यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि फसवणूक त्याच्याच आधारानं होते. खरं वॉटरलेस कूलंट म्हणजे जवळजवळ शुद्ध ग्लायकोल, ते 180 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल असलेलं नेहमीचं कूलंट उघड्यावर 107 ला उकळतं, रेडिएटर कॅपच्या प्रेशरखाली 125-130 पर्यंत तग धरतं. टर्बो गाडी जोरात हाणली की इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला वाफेचे बुडबुडे धरतात, तिथं या मालाचा उपयोग आहे. गंजही कमी.

दुसरं वाक्य मात्र निव्वळ थाप. ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि दाटही असतं. रेडिएटर तोच ठेवला तर गाडी उलट चार-दोन डिग्री वरच चालते. म्हणजे अस्सल माल भरला असता तरी पंधरा डिग्री काही खाली येणार नव्हती.

भरून झाल्यावर त्यानं मला चक्कर मारायला लावली आणि टेम्परेचरच्या मीटरवर बोट ठेवलं. "काटा नव्वदवरनं हलतोय का सांगा!" फोक्सवॅगनवाल्यांनो, हे नीट वाचा. आपल्या गाडीचा काटा साधारण 75 ते 105 च्या मधे काहीही असलं तरी नव्वदवरच ठेवलेला असतो. कंपनीनंच तसं बसवलंय. खरा आकडा हवा असेल तर ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर बघायचा. काट्याचं कौतुक दाखवून कुणी कूलंट विकत असेल तर तिथंच गाडीला स्टार्टर मारा.

मजुरीचंही तेच. या कूलंटमध्ये तीन टक्क्यांहून जास्त पाणी राहिलं तर पैसे वाया. त्यामुळं ब्लॉक, रेडिएटर, हीटर कोअर सगळं रिकामं करून, हवा मारून, पाणी ओढून घेणारं वेगळं फ्लुइड फिरवून मगच भरायचं असतं. इथं रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) काढला, आतलं सरळ गटारात सोडलं (ग्लायकोल विषारी असतं आणि चवीला गोड, कुत्री चाटतात), माझा चहा संपायच्या आत कॅन ओतूनही झाले. हीटर कोअरला हातसुद्धा लावला नाही.

संशय आला तो आंबा घाटात. साखरप्याकडून वर चढताना ओबीडीवर 112 दिसलं. वर थांबलो तर बॉनेटमधून कूलंटच्या टाकीच्या कॅपची सूं सूं, आणि वरचा होज दाबता दाबत नव्हता. वॉटरलेस सिस्टिममध्ये वाफ नसते, त्यामुळं इतकं प्रेशर तयार व्हायचं कारण नाही. गरम असताना कॅप उघडायच्या फंदात पडू नका, नुसता होज आणि तोही कापड धरून दाबला तरी कळतं.

माझा एक मित्र साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. उसाचा ब्रिक्स (रसातल्या साखरेची टक्केवारी) बघायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबातून उजेड किती वाकतो ते मोजणारा मीटर, त्याच्या खिशातच असतो. गाडी गार झाल्यावर टाकीतला थेंब काचेवर टाकला. त्यानं उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाला, "वीस. कुठल्या फडातला म्हणायचा हा?" मग लॅबमधल्या शुद्ध ग्लायकोलचा थेंब टाकला. त्याचा ब्रिक्स पंचावन्नच्या आसपास असतो आणि हा मीटर बत्तीसपर्यंतच, त्यामुळं रेघच दिसेना, सगळं पांढरं. वीस म्हणजे तीस टक्के ग्लायकोल, बाकी पाणी. कूलंट किती अंशांना गोठतं ते दाखवणाऱ्या मीटरवरही रेघ उणे पंधराला आली. निम्मं-निम्मं मिश्रण उणे सदतीस दाखवतं. म्हणजे शेदोनशे रुपये लिटरच्या साध्या कूलंटपेक्षाही हा माल पातळ.

गॅरेजवाल्याचं उत्तर तयारच होतं. "मालक, ते पाणी तुमच्या इंजिनातलंच, आधीचं राहिलेलं." हे मला अपेक्षितच होतं, म्हणून सीलबंद कॅन सोबत नेला होता. तिथंच मोबाईलवर शूटिंग चालू ठेवून सील फोडलं, थेंब टाकला. पुन्हा वीस. मग सुरू झालं, "कंपनीकडून आलाय तसाच दिलाय, आम्ही काय करणार?" कंपनीचं बिल दाखवा म्हटलं तर ते पुण्याच्या डीलरकडं, आणि डीलरचा नंबर लागेना. शेवटी "निम्मे घ्या आणि विषय मिटवा" इथवर गाडी आली. निम्मे घेतले नाहीत.

पक्कं बिल त्यानं दिलंच नव्हतं, जीएसटी वाचतोय म्हणून कच्ची चिठ्ठी दिली, तीवर नुसतं "कूलंट काम". पण यूपीआयची पावती आहे आणि व्हॉट्सॲपवर "100% वॉटरलेस" असं त्यानंच लिहून पाठवलंय. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतोय. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते. फोडलेल्या कॅनमधलं उरलेलं कूलंट बाटलीत भरून, वर सह्या करून ठेवलंय.

गाडीत सध्या कंपनीनं सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आहे. परवा पन्हाळ्याला पिटाळली, 98 च्या वर गेली नाही.

उद्यमनगरात कुणी गेल्या काही महिन्यांत हे भरून घेतलं असेल तर मेसेज करा. हजारभर रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर मी आता स्वतः घेतलाय. गाडी गार करून या, थेंब टाकून बघू. दोघा-तिघांचा माल असाच निघाला तर आयोगात एकत्रच जाऊ.