ल्युमिनन्स एचडीआर: बरेच महिने वापरल्यावर काय वाटतं

कमी-जास्त उजेडात काढलेले एकाच दृश्याचे फोटो जोडून एचडीआर फोटो (उजळ आणि अंधारे दोन्ही भाग नीट दिसणारा) बनवणारं हे सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. जुन्या ट्युटोरियलमध्ये क्यूटीपीएफएसगुई असं नाव दिसलं तर ते हेच.

मी जास्त करून लेण्यांच्या फोटोंसाठी वापरतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात आतून दाराकडे कॅमेरा वळवा, गवाक्षातून लख्ख उजेड आणि वर छताच्या लाकडी फासळ्या (दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते!) पार अंधारात, एका शॉटमध्ये दोन्ही नीट येतच नाही. म्हणून -2, 0, +2 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) असे तीन रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) शॉट, अ‍ॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स लॉक आणि फक्त शटर बदलायचा. दोन टोकांच्या शॉटमध्ये 16 पट प्रकाशाचा फरक पडतो.

शॉट हातात धरून काढले असतील तर अलाइनमेंटला (शॉट एकमेकांवर जुळवायला) सॉफ्टवेअरमधल्या दोन पर्यायांपैकी हगिनवालाच घ्या, वेळ खातो पण कॅमेरा किंचित तिरका झाला असला तरी जुळवतो, दुसरा, एमटीबी, फास्ट आहे पण फक्त सरकलेलं सुधारतो.

खरी मजा टोन मॅपिंगमध्ये (जोडलेल्या फोटोतला उजेडाचा प्रचंड फरक स्क्रीनवर दिसेल इतका आवळणं), आणि फोटोची वाटही तिथेच लागते. त्याच्या पद्धतींपैकी फत्तल लावला की फासळीन् फासळी दिसते, बघताक्षणी भारी वाटतं, पण झूम करून खांबाची कडा बघा, उजेडाला लागून राखाडी झालर आलेली असते आणि दगड प्लास्टिकसारखा दिसतो. शिवाय छोट्या साइजवर सेट केलेला फत्तल फुल साइजला वेगळाच येतो. मी हल्ली मांटियुक 06 ही दुसरी पद्धत घेतो, डिटेल कमीच ठेवतो, सॅच्युरेशन अजून खाली, आणि कोपरे काळे राहू देतो. लेणं आतून अंधारंच असतं हो, सगळा अंधार उपसून काढला तर तिथलं वातावरणच जातं, आणि सोशल मीडियावरचे निम्मे एचडीआर बघून मला याचंच वाईट वाटतं.

उजेडाचा फरक फार नसेल तर एन्फ्यूज हा वेगळा प्रोग्राम वापरा, तो टोन मॅपिंगच्या भानगडीत न पडता प्रत्येक शॉटमधला चांगला भाग घेऊन मिसळतो, रंग नैसर्गिक राहतात. माणसं हलत असतील तर मात्र मधला एकच रॉ नीट डेव्हलप केलेला बरा, अँटी-घोस्टिंगवर (हललेल्या गोष्टींच्या भुतासारख्या छटा काढणारी सोय) फार विसंबू नका.

रॅम भरपूर हवी, 24 मेगापिक्सेलचा एक फोटो तिन्ही रंगांना प्रत्येकी 32 बिट धरून 288 एमबी घेतो. आणि शॉट मर्ज झाल्या झाल्या ईएक्सआर (एचडीआर फोटोची फाइल) सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वेळी थेट टोन मॅपिंगपासून सुरू करता येतं.