बीएमएलटी घ्यावं का? मिरजेत दीड वर्ष काढल्यावर

नीटचा निकाल लागला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. "ताई, बीएमएलटी कसं आहे? घेऊ का?" बीएमएलटी म्हणजे लॅबमधल्या रक्त-लघवीच्या तपासण्या शिकवणारी डिग्री. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी तासगावची, कॉलेज मिरजेत, तिसरं सेमिस्टर संपत आलंय. कॉलेजचं नाव घेणार नाही. चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय आणि इंटर्नलचे मार्क अजून त्यांच्याच हातात आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. हा 'अर्धा डॉक्टर' व्हायचा कोर्स नाही. आमच्या आत्या अजूनही रिपोर्ट घेऊन येतात आणि "बघ गं, गोळी बदलायला लागेल का?" विचारतात. ते आपलं काम नाही. एवढंच काय, रिपोर्टवर सहीसुद्धा आपली चालत नाही. पॅथॉलॉजीत एमडी वगैरे केलेल्या डॉक्टरची सही लागते, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते स्पष्ट केलंय. 'डिग्री झाली की गावात स्वतःची लॅब टाकायची' असा बेत असेल तर हे अॅडमिशनच्या आधी घरच्यांना सांगा. नंतर सांगितलं की भांडणं होतात, आमच्या वर्गात झाली आहेत.

मग यात आहे काय? माझ्या मते, सुईपासून मशीनपर्यंतचा जो प्रवास आहे तो. रिपोर्ट चुकला की लोक मशीनला शिव्या देतात. पण चूक बहुतेक वेळा मशीनच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते, आणि हे मला इथे येईपर्यंत अजिबात माहीत नव्हतं.

नळ्यांचंच घ्या. लॅबमध्ये रंगीत बुचांच्या नळ्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. मलाही तो रंग म्हणजे कंपनीची हौस वाटायची. निळ्या बुचात रक्त गोठू न देणारं सोडियम सायट्रेट, त्यात रक्त बरोबर खुणेपर्यंतच हवं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. कमी भरलं तर रक्त गोठायला लागणारा वेळ उगाच जास्त दिसतो. जांभळ्यात ईडीटीए, तेही रक्त गोठू देत नाही, हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला. करड्यात फ्लोराइड, साखरेसाठी. आणि भरायचा क्रमही ठरलेला. ईडीटीएच्या नळीतला थेंब चुकून साध्या नळीत गेला तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं येतं आणि कॅल्शियम खाली येतं, कारण ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ असतं आणि कॅल्शियमला ते धरून ठेवतं. पेशंट ठणठणीत आणि रिपोर्ट बघून डॉक्टर घाबरलेले!

करड्या बुचाचं महत्त्व तर आमच्या भागात फारच. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 चं, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 चं, आणि आजूबाजूला गल्लोगल्ली लॅब. जतपासून, पार कर्नाटकातनंसुद्धा पेशंट येतात आणि काही वेळा पेशंट न येता फक्त नळी येते. साध्या नळीतल्या रक्तात पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात बसतात; करड्या नळीतलं फ्लोराइड ते रोखतं. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर अशी कमी होते. आता सकाळी जतला काढलेलं रक्त उन्हात तापलेल्या गाडीतून दुपारी मिरजेत आलं, तर डायबेटिसवाल्याची साखर 'नॉर्मल' येणारच की. घरी मामा म्हणाले होते, "औषधाशिवायच उतरली बघ!" मी विचारलं, नळीचं बूच कुठल्या रंगाचं होतं? लाल, म्हणजे साधी नळी. परत तपासायला लावली, आता गोळी चालू आहे.

प्रॅक्टिकलमध्ये मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे रक्ताचा स्मिअर, मायक्रोस्कोपखाली बघायला काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. काचेवर बारकासा थेंब, दुसरी काच तिरकी धरून मागे थेंबाला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे सरकवायची. दाब दिला की फाटतो, थांबलं की पट्टे पडतात. बरोबर जमला तर शेवटाला पातळ, पिसासारखी कड येते आणि पेशी सुट्या दिसतात. मग लिश्मन स्टेन, म्हणजे पेशी रंगवायचा रंग. दोन मिनिटं नुसता, नंतर दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) टाकून आणखी सात-आठ मिनिटं. बफरचा पीएच 6.8 हवा. एकदा बफर संपला म्हणून आमच्या बॅचने बोअरचं पाणी वापरलं, सगळ्यांचे स्मिअर निळेजांभळे, लाल पेशीसुद्धा निळसर. मॅडम ओरडल्या नाहीत, उलट ती स्लाइड जपून ठेवली. 'अल्कलाइन पाण्याने काय होतं' म्हणून ती आता ज्युनिअरना दाखवतात. अशी शिकवणारी माणसं असतील तर कोर्स वसूल आहे.

आता तक्रारी. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या ऑटोअॅनलायझरचा फोटो. प्रत्यक्षात त्या मशीनला आम्ही अजून बोट लावलेलं नाही, रीएजंट (तपासणीची रसायनं) महाग म्हणून ते बहुधा इन्स्पेक्शनलाच चालू होतं. त्याचं मला एवढं दुःख नाही. दुःख मायक्रोस्कोपचं. एकेका मायक्रोस्कोपवर चौघीजणी, आणि 40 च्या लेन्सला कुणीतरी तेल लावून ठेवलेलं. तेल 100 च्या लेन्सलाच लावायचं असतं, 40 वर लागलं की पुढचा सगळा वर्ग धुक्यात बघतो. मशीनच्या एका वर्षाच्या देखभालीत चार चांगले मायक्रोस्कोप आले असते, असं मला वाटतं. पण मायक्रोस्कोपचा फोटो कुणी छापत नाही.

थिअरी ठीकठाक. अॅनाटॉमी पाठांतर आहे, बायोकेमिस्ट्री पहिल्या सेमिस्टरला डोक्यावरून जाते. मराठी माध्यमातून आलात तर सुरुवातीचे दोन महिने जड जातील, पण शब्द तेच तेच परत येतात, होतं.

मायक्रोबायोलॉजीच्या छोट्या प्रोजेक्टबद्दल मात्र सांगायलाच हवं. सांगलीत राहून निम्म्या वर्गाने हळद घेतली, यात नवल नाही. 'हळदीने जंतू मरतात' हे आजीपासून ऐकलेलं, फक्त प्लेटवर दाखवायचं बाकी. म्हणजे जंतू पसरलेल्या आगरच्या जेलीत खड्डा पाडून त्यात हळद घालायची आणि भोवती जंतू वाढत नाहीत का ते बघायचं. सरांनी विषय मंजूर केला आणि एकच अट घातली: शेजारी नुसत्या सॉल्व्हंटचा, म्हणजे हळद ज्यात विरघळवली त्या द्रवाचा, खड्डा पाहिजे. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी प्लेटा उघडल्या. खड्ड्याभोवती छान पिवळी कडी, सगळे खूश. सरांनी प्लेट उजेडात तिरकी धरली. पिवळ्या रंगाखाली जंतू आरामात वाढलेले, कडी नुसती रंगाची. एका ग्रुपला खरोखर मोकळी जागा मिळाली, तर नुसत्या डीएमएसओच्या खड्ड्याभोवतीही तेवढीच. हळद बिचारी निर्दोष ठरली का कुचकामी, ते त्या प्रयोगातून कळलंच नाही. कर्क्युमिन आगरमध्ये नीट पसरतही नाही, त्यामुळे ही पद्धतच त्याला सोयीची नाही. पेपर-बिपर काही झाला नाही, पण व्हॉट्सअॅपवर 'अमुक खाल्ल्याने तमुक बरं होतं' आलं की आता माझा पहिला प्रश्न असतो, शेजारचा खड्डा कुठाय?

पगाराचं विचाराल तर सीनिअर सांगतात, सुरुवातीला कमी, रात्रपाळी जास्त. पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये बरं मिळतं. 2021 च्या कायद्याने आमच्या पेशासाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदणीची तरतूद झाली आहे, त्याकडे सगळ्यांचे डोळे आहेत. नीटला परत बसायचंय आणि मधलं वर्ष 'भरायला' हे घेताय तर नका घेऊ, दोन्हीकडची हजेरी सांभाळता येत नाही. रक्त बघून गरगरत असेल तर मात्र त्याची काळजी नको, ते पंधरा दिवसांत जातं.

अॅडमिशनच्या आधी कॉलेजला एक चक्कर मारा, तीही प्रॅक्टिकलच्या वेळेला. ऑफिसात बसू नका, सरळ लॅबच्या दाराशी उभं राहा आणि मुली काय करतायत ते बघा. स्वतः स्मिअर ओढतायत की सर करतायत आणि मुली वहीत उतरवतायत? मग ऑफिसात येऊन विचारा की इंटर्नशिप कुठल्या लॅबमध्ये असते आणि किती महिने कुठल्या विभागात ठेवतात. आमच्या सीनिअरपैकी काहींनी सगळी इंटर्नशिप कलेक्शनच्या काउंटरवर नावं लिहिण्यात काढली. "सगळीकडे फिरवतो" हे तोंडी उत्तर सगळेच देतात, विभागवार वेळापत्रक कागदावर मागा.