टायटॅनिकचं थ्रीडी किट घ्यायचं का? नांदेडहून सविस्तर रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगतो, किट घेण्यासारखं आहे, पण डब्यात जी माहितीची पुस्तिका येते तिच्या भरवशावर राहू नका. वजिराबादच्या एका खेळण्याच्या दुकानातून भाच्यासाठी घेतलं, नऊशेच्या आतबाहेर पडलं. फोम बोर्डचे कापलेले तुकडे आहेत, कात्री लागत नाही गम लागत नाही असं डब्यावर लिहिलंय, कात्रीचं खरंय पण गम लागतोच, त्याचं शेवटी सांगतो. जोडून झाल्यावर शोकेसमध्ये एकदम भारी दिसतं, घरी येणारा प्रत्येकजण थांबून बघायलाय.

मला टायटॅनिकचं वेड शाळेपासून, मिळेल ते वाचत आलोय, म्हणून रिव्ह्यू जरा लांबणार. बर्फाला धडकलं आणि बुडलं एवढंच बहुतेकांना माहीत असतं, आणि हे किट लेकराच्या हातात दिलं की त्यापुढचं सगळं सांगायची इतकी चांगली संधी मिळते की काय सांगू.

धुराड्यांपासून सुरू करू. चार आहेत, रंग बरोबर दिलाय, खाली पिवळसर आणि वर काळा. पण डब्यावरच्या चित्रात चारही धुराड्यांतून काळाकुट्ट धूर निघायलाय आणि ते चूक आहे. बॉयलरचा धूर पहिल्या तीनमधूनच जायचा, चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला आणि स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढायला होतं. जहाज पुढं ढकलणाऱ्या मागच्या पंख्यांचं मात्र कौतुक करावं लागेल, तीनही दिलेत. खऱ्या जहाजात मधला पंखा टर्बाइनवर चालायचा आणि त्या टर्बाइनला रिव्हर्स नव्हता, फक्त पुढं. भाच्याला हे लई आवडलं, आता येईल त्याला तेच सांगतोय.

किटचा सगळ्यात भारी भाग म्हणजे जहाजाचं पोट. आधी एक लांब पट्टी, तिच्यात आडव्या पट्ट्या खाचेत बसवायच्या, मग बाहेरचं कवच. या आडव्या पट्ट्या खऱ्यापेक्षा कमी आहेत, खऱ्या जहाजात १५ आडव्या भिंती आणि १६ कप्पे होते, तरी कवच लावायच्या आधी इथं थांबा आणि लेकराला दाखवा, कारण अख्ख्या अपघाताचं कारण इथं दिसतं. किटमधल्या पट्ट्या वरच्या डेकला टेकतात, खऱ्या भिंती तिथपर्यंत गेल्याच नव्हत्या, पाण्याच्या पातळीच्या थोड्याच वर संपल्या होत्या. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल असा हिशोब होता, पण त्या रात्री पहिल्या पाच कप्प्यांत जोरात पाणी शिरलं आणि सहाव्यातही थोडं. मग नाक खाली झुकलं आणि जसं वाफा भरला की बांधावरनं पाणी पुढच्या वाफ्यात उतरतं तसं एकेक कप्पा भरत गेला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी धडक आणि पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज पाण्याखाली.

आणि याच ठिकाणी किटवाल्यांनी एक स्टिकर दिलंय, जहाजाच्या कुशीला पार अर्ध्यापर्यंत फाटलेली लांबलचक भेग. ते लावू नका. अशी एकसंध भेग नव्हतीच. १९९६ मध्ये चिखलात रुतलेल्या भागाची ध्वनिलहरींनी तपासणी झाली तेव्हा सहा बारीक फटी सापडल्या, सगळ्या मिळून साधारण बारा चौरस फूट. गंमत म्हणजे जहाज बांधणाऱ्या कंपनीच्या एडवर्ड वाइल्डिंग या इंजिनिअरनं १९१२ च्या चौकशीतच नुसत्या गणितावरून जवळपास हाच आकडा सांगितला होता. एवढ्याशा जागेतून एवढं मोठं जहाज गेलं हे लेकराला कळलं पाहिजे, मोठ्या भेगेचं स्टिकर लावून ते कळत नाही.

आता लाईफबोटी. हे काम किचकट आहे, एकेक बोट नखाएवढी, चिमट्यानं धरून बसवावी लागते आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाते. किटमध्ये १६ दिल्यात, खऱ्या २० होत्या, मोठ्या १४, लहान २ आणि कापडी बाजूच्या घडी होणाऱ्या ४. सगळ्या ठासून भरल्या तरी ११७८ माणसं, आणि जहाजावर २२०० च्या आसपास होती. आम्ही हे बोलत होतो तेव्हा आई शेजारी शेंगा फोडत बसली होती, तिनं विचारलं, “मग बाकीच्यांनी काय करावं म्हणं?” मी आजपर्यंत या विषयावर जेवढं वाचलं त्यात इतका सरळ प्रश्न कुठं वाचला नाही.

याचं उत्तर ऐकून तर जास्तच राग येतो, कारण कायदा मोडलाच नव्हता. ब्रिटनचा नियम १८९४ चा, त्यात सगळ्यात मोठं जहाज म्हणजे दहा हजार टनांच्या वरचं, त्याला १६ बोटी पुरे. टायटॅनिक ४६ हजार टनांचं, म्हणजे कागदावर नियमापेक्षा चार बोटी जास्तच. आणि होत्या त्याही भरल्या नाहीत, पहिली उतरली सात नंबरची, ६५ जणांची जागा आणि आत साधारण २८ माणसं. पाणी शून्याच्या खाली उणे दोन अंशांच्या आसपास, बहुतेक जण बुडून नाही तर थंडीनं गेले. दीड हजार माणसं गेल्यावर मग १९१४ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि प्रत्येक माणसाला बोटीत जागा, वायरलेसवर चोवीस तास माणूस हे नियम आले. त्या चार घडीच्या बोटी किटमध्ये नाहीत याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यातली एक उलटी होऊन तरंगत राहिली आणि तिच्या पाठीवर उभं राहून तीसेक माणसांनी रात्र काढली. आम्ही पुठ्ठ्याच्या कापून लावल्या.

डोलकाठ्यांच्या मधी बांधायला एक काळा दोरा दिलाय, सोबत एका शब्दाचीही माहिती नाही. बऱ्याच जणांनी तो शोभेचा समजून टाकून दिला असणार. टाकू नका, ती वायरलेसची तार आहे! जे सातशेच्या वर जीव वाचले ते या तारेमुळं. जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे दोन ऑपरेटर, २५ आणि २२ वर्षांची पोरं, जहाज कंपनीची नाही तर मार्कोनी कंपनीची नोकर. अपघाताच्या एकदोन दिवस आधी मशीन बिघडली होती ती त्यांनी रात्र जागून स्वतःच दुरुस्त केली, तशीच राहिली असती तर लांबपर्यंत हाक गेली असती का याचा विचार करा. जवळ कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फात थांबलेलं होतं पण त्याचा एकटा ऑपरेटर झोपायला गेला, आणि सुमारे ५८ सागरी मैलांवरच्या कार्पेथियाचा ऑपरेटर झोपायच्या तयारीत असूनही कानाला हेडफोन लावून होता म्हणून त्याला ऐकू आलं. कॅप्टन रॉस्ट्रननं सगळी वाफ इंजिनाला मिळावी म्हणून प्रवाशांची हीटिंग आणि गरम पाणी बंद केलं आणि चारच्या सुमाराला पोचला. फिलिप्स वाचला नाही.

पुस्तिकेवर माझा मुख्य आक्षेप आहे. आठ पानांत सगळे श्रीमंत प्रवासी, त्यांचे दागिने, जिना, झुंबरं. जहाजाच्या नावापुढचं आरएमएस म्हणजे टपाल नेणारं जहाज, पण टपालाच्या पिशव्या वाचवता वाचवता गेलेल्या पाचही टपाल कर्मचाऱ्यांबद्दल ओळ नाही. शेवटपर्यंत दिवे चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांमधला एकही वाचला नाही, त्यांच्याबद्दलही नाही. आणि भारतात विकतायत तर भारतातून गेलेली माणसं तरी टाका की. ॲनी फंक नावाच्या मिशनरी बाई आत्ताच्या छत्तीसगडमधल्या जांजगीरला मुलींची शाळा चालवायच्या, आई आजारी म्हणून मुंबईहून बोटीनं निघाल्या. इंग्लंडमध्ये कोळशाच्या संपामुळं त्यांचं ठरलेलं जहाज अडकलं आणि तिकीट टायटॅनिकचं झालं. प्रवासातच ३८ वा वाढदिवस झाला आणि तीन दिवसांनी त्या गेल्या.

दुसरी रूथ बेकर, बारा वर्षांची, जन्म गुंटूरचा. गुंटूर म्हणलं की आपल्याकडं मिरची आठवते, तिथली ही मिशनरी घरातली पोरगी, लहान भाऊ आजारी म्हणून आई आणि भावंडांसोबत अमेरिकेला निघालेली. आई आणि लहानगे ११ नंबरच्या बोटीत गेले, हिला जागा नाही म्हणले, ही एकटी १३ नंबरमध्ये बसली आणि स्वतः आणलेली पांघरुणं फाडून कुडकुडणाऱ्या माणसांना वाटली. चौघंही वाचले. भाचा बारावं वर्ष संपवायलाय, त्याला हे सांगितल्यावर तो पंधरा मिनिटं फक्त १३ नंबरची बोट कुठली हेच शोधत बसला.

आता कामाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फोमचे तुकडे पत्र्याच्या खोलीत वाकतात, खाचेतून सुटतात, म्हणून जोडताना प्रत्येक सांध्याला थोडा पांढरा गम लावाच, आणि लवकर वाळणारा तीव्र गम अजिबात नको, फोम खातो. दहा वर्षांच्या आतल्या लेकराला एकट्याला देऊ नका, डोलकाठ्या मोडतात. पाचपैकी चार देतो, एक पुस्तिकेचा आणि त्या स्टिकरचा कापला. आमच्या डब्यात एक धुराडं कमी निघालं होतं, बिल दाखवल्यावर दुकानदारानं दुसऱ्या डब्यातून काढून दिलं, त्यामुळं बिल फेकू नका.