अमेरिकेच्या मेडिकल फॉर्मसाठी घेतलेलं अॅक्टिव्हिटी पॅकेज : पाचपैकी दोन स्टार

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही, भाचीचं प्रकरण अजून चालू आहे आणि मला नसती कटकट नको. ऑनलाइन सर्व्हिस आहे, अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म भरायला मदत करतात. आम्ही त्यातलं फक्त अॅक्टिव्हिटीचं पॅकेज घेतलं, अठरा हजार रुपये, तीन व्हिडिओ कॉल आणि वर 'प्रोफेशनल एडिटिंग'. पैसे मी भरले, वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून, त्यामुळे शिव्या घालायचा हक्कही माझाच.

भाची जन्माने तिकडची, पासपोर्ट तिकडचा, पण वाढली आमच्याकडे चिपळुणात आणि बारावी करून २०२२ ला गेली. तिकडे बारावीनंतर लगेच मेडिकल नसतं, आधी कॉलेजची डिग्री करायची आणि मग अर्ज. आपल्याकडे कसं, नीटला ७२० पैकी किती ते सांगा, विषय संपला. दहावीला निदान इंटरमिजिएट चित्रकलेचे चार मार्क तरी वाढवून मिळतात, नीटला तेही नाही. तिकडे मार्क लागतातच, पण कॉलेजात असताना अभ्यास सोडून काय केलंत तेही सगळं लिहायचं. अॅमकास म्हणून कॉमन फॉर्म असतो, त्यात जास्तीत जास्त १५ अॅक्टिव्हिटी, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर, स्पेससकट. त्यातल्या तीन 'सर्वात महत्त्वाच्या' म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ मिळतात. ७०० म्हणजे किती, तर आमच्या वाडीतले काका रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर सुविचार टाकतात ना, जवळपास तेवढंच. शिवाय प्रत्येकीला तारखा, एकूण तास, आणि कॉलेजने विचारलं तर खरं-खोटं सांगेल अशा माणसाचा कॉन्टॅक्ट.

मे महिन्यात ती आली होती, फॉर्म त्याच सुमारास उघडतो, तर ओटीवर लॅपटॉप, बाजूला आंब्याची पेटी आणि दर अर्ध्या तासाने लाइट जाणार, अशा थाटात पहिला कॉल झाला. काउन्सिलर मुलगा बोलायला गोड. तिला म्हणाला, आयुष्यात काय काय केलंस ते सगळं सांग. हिने सांगितलं. २२ जुलै २०२१ च्या पुराचं निघाल्यावर तो खुर्चीत एकदम पुढे सरकला.

आता पूर आम्ही भोगलाय. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, ओसरल्यावर गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, आणि शेजारच्या मेडिकल स्टोअरवाल्याच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा गाळात रुतलेल्या. त्या ही पोर आठवडाभर खराट्याने आणि घमेल्याने उपसत होती. खरी गोष्ट आहे. पण ती तेव्हा बारावीत होती! या फॉर्ममध्ये मुख्यतः कॉलेज सुरू झाल्यानंतरचं लिहायचं असतं, शाळेतलं पुढेही चालू राहिलं असेल तर ठीक. हे आम्हाला त्याने सांगायला हवं होतं, आम्ही त्याला नाही. तर दुसऱ्या कॉलला ड्राफ्ट आला त्यात पूर पहिल्या नंबरावर, सर्वात महत्त्वाच्या तिनात, 'आपत्ती निवारण पथकाचे नेतृत्व', तास दोनशे. मी म्हटलं अहो पथक कसलं, आम्ही तिघीजणी आणि समोरचे आजोबा. आणि आठवड्याचे दोनशे तास काढायचे तर माणसाला झोपायलाच नको. तर म्हणतो, मॅम, सगळेच राउंड ऑफ करतात.

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने. भाचीने तिकडे दोन वर्षं कॉलेजच्या मेसमध्ये भांडी घासायची नोकरी केली, साडेसहाशे तास झाले, पगाराच्या स्लिपा आहेत. त्याने ते सरळ उडवलं. डॉक्टर होणाऱ्या मुलीने हे का दाखवायचं, प्रोफाइल खाली येतं. अरे, फॉर्ममध्ये पगारी नोकरीचा वेगळा प्रकारच दिलेला आहे! आणि घर चालवायला कॉलेजात काम करणारी पोरं तिकडे ढिगाने आहेत, त्यात लाजायचं काय? ही लाज आपली इथली, ती त्याने अमेरिकेच्या फॉर्ममध्ये नेऊन ठेवली.

शेवटी आम्ही दोघींनीच बसून लिहिलं. म्हणजे लिहिलं तिने, मी फक्त "अगो, मग पुढे काय झालं" विचारत होते. मेसचं लिहिताना तिला आधी सुचेना, मग म्हणाली, पहिल्या आठवड्यात मी ग्लासचा रॅक मशीनमध्ये सुलटा घातला, सगळे ग्लास पाण्याने भरून बाहेर आले, आणि तिथल्या साठीच्या बाईंनी न ओरडता सगळे परत ओतून दाखवले, पुढच्या वर्षी नवीन पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं हेच लिही. ६८० कॅरेक्टरमध्ये बसलं.

दुसरं गुहागर तालुक्यातल्या एका डॉक्टरांचं. सुट्टीत आली की ती त्यांच्या दवाखान्यात बसते, नुसतं बघायला, हात लावायचा नाही. याला तिकडे शॅडोइंग म्हणतात. तिथे तिने विंचू चावलेला पेशंट पाहिला, घामाने निथळणारा, हातपाय गार. डॉक्टरांनी तिला महाडच्या बावस्कर डॉक्टरांचं सांगितलं, प्राझोसिन ही ब्लड प्रेशरची गोळी त्यांनी विंचवाच्या विषावर वापरली आणि कोकणात किती जीव वाचले, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. काउन्सिलरने याचं काय केलं होतं, तर 'ग्रामीण आरोग्याची ओळख', बस. विंचू गायब! तिकडचं शॅडोइंगही लागतंच, ते तिने वेगळं टाकलंय, पण म्हणून इथलं असं पुसायचं?

पेटीचंही तसंच. ती गणपतीत आमच्याकडे आरत्यांना पेटी वाजवायची, तिकडे दर रविवारी वृद्धाश्रमात जाऊन वाजवते. त्याने 'छंद : संगीत' करून ठेवलं होतं. तास किती, कोणासाठी, काही नाही. तिने तो प्रकार बदलून समाजसेवेत टाकला.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. मजकूर साधा टाइप करा, ठळक अक्षरं आणि बुलेट पेस्ट केले की उडतात, हे त्याने सांगितलं ते उपयोगी पडलं. एकदा सबमिट केलं की अॅक्टिव्हिटीत शब्द बदलता येत नाही, हेही त्यानेच बजावलं. तास मोजायला एक्सेलचा तक्ता दिला तो छान आहे, झालेले तास आणि पुढे होणारे तास वेगळे. पण फॉर्मच्या शेवटी मान्य करावं लागतं की माहिती खरी आहे आणि अंतिम मजकूर माझाच आहे. चुका तपासायला मदत घेतली तर चालते. मग दोनशे तासांच्या पुराखाली सही कोणी करायची, काउन्सिलरने?

रिफंड मागितला, मिळाला नाही, सेशन 'वापरले गेले' म्हणे. वर दर पंधरा दिवसांनी मेसेज, पाच स्टार द्या आणि पुढच्या पॅकेजवर सूट घ्या. तर हे घ्या दोन, एक तक्त्याचा आणि एक बुलेटचा.

गुहागरच्या डॉक्टरांना मी आधीच फोन करून ठेवला होता की अमेरिकेतनं मेल आला तर उत्तर द्या हो. परवा बाजारात भेटले, म्हणाले, तुमच्यापायी मेल उघडायला लागलो, अमेरिकेचं काही नाही आलं अजून, पण दोन वर्षांचे मेडिकल रेपचे मेल वाचून झाले.