ॲस्टाउंडिंग की गॅलक्सी?

जुन्या अमेरिकन विज्ञानकथा मासिकांतूनच वाचायच्या, हे ठरलं असेल तर पुढचा प्रश्न येतो: ॲस्टाउंडिंगचा संपादक कॅम्पबेल याच्यापासून सुरुवात करायची की गॅलक्सीचा संपादक गोल्ड याच्यापासून? मी गेल्या पावसाळ्यात दोन्ही वाचले. देवगडात जुलैत लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मिरगाआधीच स्कॅन केलेले अंक टॅबमध्ये भरून ठेवले होते.

कॅम्पबेलचं पारडं मुळात जड. १९३७ च्या अखेरीस ॲस्टाउंडिंग त्याच्या हाती आलं आणि १९३९ च्या जुलै-ऑगस्ट या दोन अंकांत ॲसिमोव्ह, व्हॅन व्होग्ट, हाइनलाइन हे पुढे गाजलेले तिघंही लेखक त्यात पहिल्यांदा छापून आले. १९४४ च्या मार्चमध्ये त्याने अणुबाँबवर अशी गोष्ट छापली की सरकारी तपासनीस थेट त्याच्या ऑफिसात पोचले. नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या माणसाला हे घर आपलंच वाटतं. थोडा जाच आहे: परग्रहवासी माणसापेक्षा वरचढ ठरलेले कॅम्पबेलला खपत नसत. ॲसिमोव्हने त्यावर उपाय म्हणून आपल्या कथांतल्या आकाशगंगेत परग्रहवासी ठेवलेच नाहीत. हेही चालवून घेतलं असतं.

मला नडलं ते वेगळंच. १९५० च्या मे महिन्यात हबर्ड या लेखकाचं डायनेटिक्स, म्हणजे मनावर उपचाराची त्याने स्वतःच काढलेली पद्धत, या मासिकात आलं आणि तिथून संपादकाची गाडी घसरत गेली. १९५६ साली तो हायरोनिमस यंत्राबद्दल लिहितो, म्हणजे मनाच्या शक्तीवर चालणाऱ्या म्हणे एका डबीबद्दल. डबीवरची पट्टी बोटाने घासायची, ‘लागलं’ की बोटाला चिकट लागतं. पुढे तर सुटे भाग नकोत, कागदावर काढलेली आकृतीही काम करते म्हणे!

हे वाचताना मला आमचा पाणाड्या आठवला. बाबांनी हौसेने आणला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून परडंभर फिरला, हापूसच्या एका कलमापाशी नारळ उभा राहिला. तिथे जांभ्यात चाळीस फूट खणलं. ठणठणीत कोरडं. विचारायला गेलो तर म्हणाला, तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात शंका होती. उंबऱ्याखाली पुरलेली तांब्याची यंत्रं आम्ही लहानपणापासून बघतो. तीच विज्ञानाच्या मासिकात पैसे मोजून कशाला वाचायची? एकदा हे डोक्यात बसलं आणि त्या काळातल्या गोष्टींत कोणी दुसऱ्याचं मन वाचायला लागलं की मला तो नारळच दिसायचा.

गोल्डचं गॅलक्सी ऑक्टोबर १९५० मध्ये निघालं. युद्धानंतर या माणसाला घराबाहेर पडण्याचीच धास्ती बसली होती. न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवरून मासिक चालवायचा. रोबो जोडीदार असलेल्या डिटेक्टिव्हची कादंबरी त्याने सुचवली म्हणून ॲसिमोव्हने लिहिली. १९५३ मध्ये ती क्रमशः आली, आणि तिच्यातली माणसं उघड्या आभाळाला घाबरतात! पडवीत बसून, समोर पाऊस कोसळत असताना ती वाचण्यात वेगळीच मजा आहे. इथे यंत्र कसं चालतं यापेक्षा ते आल्यावर घरात कोण कोणाशी कसं वागतं, याला जास्त जागा. तोटे? गोल्ड लेखकांच्या मजकुरात फार हात घालायचा, त्यावरून कुरबुरी होत्या. जाहिरातवाल्यांची टिंगलही सलग वाचली तर पाचव्या-सहाव्या अंकात कंटाळा येतो. मला आला.

इंजिनिअरिंगवाल्या एखाद्या मित्राला कॅम्पबेलच रुचेल, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मी मात्र गॅलक्सीची पहिली तीन-चार वर्षं आधी घ्या म्हणेन. कॅम्पबेल त्यानंतर, १९३९ ते ४५ एवढाच. संपादकीय आलं की सरळ पान उलटा.